जावईबापूंचं धुराडं

बडोद्याहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत डॅलसला असतो. तिथल्या मित्रांचं पाहून त्यालाही परसात ठेवायचा, मांस धुरावर शिजवायचा 'स्मोकर' घ्यायची हौस आली आहे. खिशात २०० डॉलर आहेत आणि कोणता घेऊ म्हणून तो आईला विचारतो आहे. "आमच्याकडे चिकन म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या. मी त्याला काय सांगणार? तुम्ही मिक्सरपासून घरघंटीपर्यंत सगळ्याबद्दल लिहिता, तर याबद्दलही लिहा," असं त्या म्हणतात.

ताई, तुम्ही पत्र अगदी योग्य ठिकाणी टाकलंत. २०२३ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे टेक्सासला तीन महिने होते आणि त्यातले दोन या विषयापायी अक्षरशः धूर खाण्यात गेले. आमचे 'हे' तर त्या वस्तूला शेवटपर्यंत 'जावईबापूंचं धुराडं' असंच म्हणत होते. शाकाहारी वाचकांनी पान उलटू नये. त्यांच्यासाठीही शेवटी थोडं आहे.

लेकीचं घर ऑस्टिनजवळ राउंड रॉक या गावात. बैठं घर, मागे थोडं सिमेंटचं अंगण, हिरवळीचा तुकडा आणि लाकडी कुंपण. कुंपणापलीकडे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांची बायको. त्यांना मी मनातल्या मनात 'आजोबा' म्हणत असे, तसंच इथेही म्हणते. या आजोबांचे आमच्या लेकीवर उपकार होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाचं मोठं वादळ झालं. ४५ लाखांच्या आसपास घरं आणि दुकानं अंधारात गेली. लेकीच्या घरी तीन दिवस वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं आणि नात तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. दुसऱ्या दिवशी आजोबांनी कुंपणावरून हाक मारली. त्यांनी बर्फात उभं राहून परसातला स्मोकर पेटवला होता आणि फ्रीझरमधलं सगळं मांस खराब होण्याआधी शिजवून गल्लीत वाटत होते. आमच्या वाट्याला एक अख्खी कोंबडी आणि भाजलेले बटाटे आले. नातीच्या दुधाचं पातेलंसुद्धा त्यांनी त्यावरच गरम करून दिलं.

या उपकाराची फेड राहून गेली होती. मी गेले त्या वर्षी मार्चमध्ये जावयांची नोकरी गेलेली. घराचे हप्ते चालू, लेकीच्या एकटीच्या पगारावर सगळं. तरी ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, आजोबा-आजींना जेवायला बोलवायचं आणि त्यांच्याच पद्धतीचं काहीतरी स्वतः करून घालायचं, असं जावयांनी मनात घेतलं. रिकामपण माणसाला खात असतं, हे मला दिसत होतं. लेकीलाही दिसत असावं, कारण तिने नाही म्हटलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, "दोनशेच्या वर एक सेंट नाही."

आता स्मोकर म्हणजे काय, ते आधी सांगते. आपली कोळशाची शेगडी आणि वर जाळी, ही झाली ग्रिल. तिथे पदार्थ विस्तवाच्या तोंडावर असतो, दहा-पंधरा मिनिटांत भाजून निघतो. स्मोकरमध्ये पदार्थ आणि विस्तव एकमेकांपासून लांब. वर घट्ट झाकण. आतली हवा १०७ ते १२१ अंश सेल्सिअस, तिकडच्या मापात २२५ ते २५० फॅरनहाइट, एवढीच तापवायची आणि तासन् तास तेवढीच ठेवायची. जोडीला लाकडाचा हलका धूर. खांदा, छाती, मांडी अशा कामाच्या भागांचं मांस चिवट असतं. आपण पायाचं सूप रात्रभर मंद आचेवर ठेवतो तेव्हा जे होतं तेच इथे होतं. चिवट धागे विरघळतात आणि मांस बोटाने सुटतं. म्हणजे मुळात ही स्वस्त मांसाची कला. राउंड रॉकपासून तासाभराच्या वाटेवर लॉकहार्ट नावाचं गाव आहे. तिथे जर्मन वळणाचे खाटीक न खपलेलं मांस धुरावर शिजवून कागदात बांधून विकत, त्यातून ही परंपरा रुजली. तिथलं 'क्रॉइट्झ मार्केट' १९०० साली सुरू झालं. १९९९ मध्ये टेक्सासच्या विधानसभेने लॉकहार्टला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हणून मान दिला. तिथे खरा मान गाईच्या छातीच्या मांसाला, म्हणजे 'ब्रिस्केट'ला. ते लेकीच्या घरात येत नाही. पण कोंबडी, बकऱ्याचं मांस, टर्की, मासे, सगळं यावर होतं.

हे काही आपल्याला अगदीच परकं नाही. माझं माहेर अलिबागकडचं. थंडीत शेतावर पोपटी लागते तेव्हा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. तोच हा धुराचा, पाल्याचा वास. वरणाला किंवा भरताला निखाऱ्यावर तूप टाकून धुंगार देतो, तीही याचीच धाकटी बहीण.

तर आम्ही चौघं एका मोठ्या दुकानात गेलो. रांगेने स्मोकर मांडलेले. जावयांचं मन पहिल्याच नजरेत एकावर बसलं. आगगाडीच्या इंजिनासारखं रूप! आडवं काळं पिंप, एका बाजूला विस्तवाची वेगळी पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी, खाली चाकं. आकार एवढा मोठा की वीस माणसांचं जेवण व्हावं. किंमत मात्र आवाक्यात. स्मोकर, कर आणि कोळशाचं एक पोतं धरून १६० डॉलर झाले. घरी आणून नटबोल्ट आवळण्यात तीन तास गेले. मी सहज झाकणावर अंगठा दाबला, तर पत्रा तेलाच्या डब्यासारखा 'टक्' वाजला. पण जावयाच्या खरेदीला सासूने नाव ठेवू नये, म्हणून गप्प बसले. बोलले असते तर हा लेख निम्मा झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कोंबडी आत ठेवली. धूर चिमणी सोडून सगळीकडून येत होता. झाकणाच्या कडेतून, पेटीच्या सांध्यातून, बोल्टांच्या भोकांतून. वाऱ्याची झुळूक आली की आच उतरायची, मग जावई कोळसे घालायचे, मग ती एकदम चढायची. झाकणावरच्या काट्यावर विश्वास ठेवावा तर पेटीकडची बाजू करपत होती आणि चिमणीकडची गार. संध्याकाळी पाचला कोंबडी बाहेर आली ती काजळासारखी काळी. जिभेवर ठेवली तर कडूजहर, आणि हाडाजवळ कच्ची. नातीने एक घास घेतला आणि विचारलं, "आजी, हे औषध आहे का?" रात्री पिझ्झा मागवला.

दुसरा प्रयत्न पुढच्या शनिवारी झाला. कोळसे रसरसले आणि आभाळ भरून आलं. जावयांनी घाईघाईने ते धुराडं ढकलत गॅरेजमध्ये घेतलं आणि दार अर्धं उघडं ठेवलं. एवढ्यात कुंपणापलीकडून आजोबांचा असा काही आवाज आला की माझ्या हातातली ताटली पडली. ते पावसात धावत आले आणि चाकांसकट ते बाहेर ओढलं. मग धाप टाकत जावयांना म्हणाले, "त्या वादळात थंडी वाजते म्हणून लोकांनी कोळशाच्या ग्रिल घरात घेतल्या होत्या. कोणी गॅरेजात गाडी चालू ठेवून बसलं होतं. त्यातले काही सकाळी उठलेच नाहीत. कोंबडी भिजली तर भिजू दे."

पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि ती झोप शेवटची ठरू शकते. अर्धं उघडं दार, खिडकी, पंखा, कशाचाही भरवसा धरू नये. कोळशाचं कोणतंही साधन घरात, गॅरेजात, बंद पडवीत किंवा तंबूत पेटवायचं नाही. विझत आलेलं असलं तरी आत घ्यायचं नाही. आपल्याकडे थंडीत खोलीत शेगडी ठेवून दार लावून झोपणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

पाऊस थांबल्यावर आजोबांनी आमचं इंजिन नीट तपासलं. संध्याकाळी आत एक बॅटरी पेटवून ठेवली, झाकण लावलं आणि आम्हाला अंधारात उभं केलं. चहूबाजूंनी उजेडाच्या रेघा! म्हणाले, "जिथून उजेड बाहेर येतो तिथून हवा आत जाते. हवा तुमच्या ताब्यात नाही, मग आच कशी राहील?" त्यांचा स्वतःचा स्मोकर याच घाटाचा, पण पाव इंच जाडीच्या लोखंडी नळाचा, जोडून घेतलेला. एकदा तापला की तापून राहतो. तसा विकत घ्यायचा तर आमच्या २०० डॉलरच्या कितीतरी पट पैसे पडतात. या आकाराचं रूप स्वस्तात मिळतं, पण त्याचा गुण जाडीत असतो आणि जाडी स्वस्तात मिळत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा तर आडवा बंब! आमच्या माहेरी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. खालून हवा, मध्ये निखारे, वरून धूर. राख साचून खालची वाट बंद झाली की न्हाणीघरभर धूर कोंडायचा आणि आई ओरडायची, "राख काढ गं आधी!" सगळी किल्ली त्या खालच्या हवेत. मी जावयांना कागदावर बंब काढून दाखवला. लेकीने तो आजोबांना इंग्रजीत समजावला. ते म्हणाले, "तुमच्या आईंना विस्तव कळतो." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढी पोचपावती क्वचितच मिळाली असेल.

दुकानदाराने तो स्मोकर परत घेतला नाही. 'एकदा विस्तव पेटला की माल परत नाही,' असा नियम पावतीच्या मागे बारीक अक्षरात होता. जावई त्या दिवशी जेवले नाहीत. लेक काही बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. शेवटी रविवारी घरासमोर मांडून तो एका कॉलेजच्या मुलाला ५० डॉलरला विकला. दोष सगळे सांगून विकला. त्याला फक्त मित्रांसाठी हॅम्बर्गर भाजायचे होते. त्या कामाला तो ठीकच आहे.

आता हिशेब पाहा. उरलेले ४० आणि आलेले ५०, मिळून ९०. या नव्वदात जे झालं तेच बडोद्याच्या ताईंच्या मुलाने पहिल्याच दिवशी करावं, असं मला वाटतं.

आजोबांच्या सल्ल्याने जावयांनी जुनी, वापरलेली गोल 'केटल' ग्रिल घेतली. खाली अर्धगोल, वर अर्धगोल झाकण आणि तीन पाय. हिची गोष्ट मजेची आहे. जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ शिकागोत वेबर ब्रदर्स या धातूकामाच्या कारखान्यात होते. तिथे पाण्यावर तरंगणारे गोल बोये बनत. वाऱ्यापावसात उघड्या शेगडीवर नीट भाजता येईना, म्हणून १९५२ मध्ये त्यांनी बोयाच्या आकारावरून ही झाकणाची शेगडी काढली. तिचं नाव स्मोकर नाही. पण झाकण घट्ट बसतं, वर एक आणि खाली एक अशा हवेच्या झडपा असतात आणि आतून-बाहेरून इनॅमल असतं. स्मोकरला जे लागतं ते सगळं तिच्यात आहे. शिवाय रोजचं भाजणंही होतं.

लोक घर बदलताना या ग्रिल रस्त्याकडेला मांडून विकतात. आम्हाला २२ इंची केटल ४५ डॉलरला मिळाली. जुनी घेताना जाळीचा गंज पाहून नाक मुरडू नका, जाळ्या नव्या मिळतात. झाकण लावून गोल फिरवा, ते डुगडुगतं का पाहा. खालच्या झडपेचा दांडा शेवटपर्यंत फिरतो का, तळाला कुठे आरपार भोक पडलंय का, पाय घट्ट आहेत का, एवढं पाहा. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटताना दिसले तर तो रंग उडालेला नसतो. चरबी आणि काजळीचा थर वाळलेला असतो, खरवडला की निघतो. हे आजोबांनी सांगितलं म्हणून बरं, नाहीतर मी ती केटल घेऊच दिली नसती.

राहिलेल्या ४५ डॉलरपैकी २५ थर्मामीटरला गेले. दोन वायरींचा घ्यायचा. एक वायर जाळीवरच्या हवेसाठी, दुसरी मांसाच्या गाभ्यात. लेकीला हा खर्च उगाच वाटला, "झाकणावर काटा आहे की!" पण झाकणावरचा काटा झाकणाजवळची हवा सांगतो, आणि शिजायचं असतं जाळीवर. मला विचाराल तर दहा डॉलर कमी किमतीची ग्रिल घ्या, पण हे सोडू नका. १५ डॉलरला कोळसे पेटवायचं पत्र्याचं नळकांडं आलं. खाली वर्तमानपत्राचा बोळा, वर कोळसे. पाव तासात सगळे लाल, रॉकेलबिकेल ओतायला नको. (त्याचा वास मांसाला लागतो, तो काही केल्या जात नाही.) शेवटच्या पाच डॉलरमध्ये ओकच्या लाकडाचे मुठीएवढे ठोकळे आले.

आता केटलमध्ये मंद आच कशी राखायची, ते सांगते, कारण पत्ता इथे आहे. डासांसाठी आपण कॉइल लावतो, ती एका टोकाला पेटवली की रात्रभर सरकत जाते. कोळशाच्या दाबलेल्या वड्या तशाच मांडायच्या. खालच्या जाळीच्या कडेने दोन ओळी शेजारी शेजारी, त्यावर आणखी दोन ओळी, आणि साधारण अर्ध्या-पाऊण वर्तुळापर्यंत न्यायच्या. पहिल्या निम्म्या भागावर लाकडाचे तीन-चार ठोकळे ठेवायचे. मध्ये पाण्याचं पसरट भांडं. मग नळकांड्यात सात-आठ वड्या लाल करून ओळीच्या एका टोकाला ठेवायच्या. मांस वरच्या जाळीवर, विस्तवापासून लांब. वरची झडप मांसाच्या बाजूला येईल असं झाकण लावून ती पूर्ण उघडी ठेवायची आणि खालच्या झडपेने आच सांभाळायची. काटा १०० अंशांच्या आसपास आला की खालची झडप थोडी मिटायला लागा. १२१ झाल्यावर मिटाल तर तो १५० पर्यंत जाऊनच थांबतो. चढलेली आच उतरवायला फार वेळ लागतो. गॅसच्या बटणाची सवय झालेल्यांना हे जड जातं.

लाकूड भिजवून घालायची गरज नाही, त्याने नुसती वाफ होते. धुराचा रंग मात्र पाहत राहा. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड घुसमटतंय, त्याने पदार्थ कडू होतो. आमच्या पहिल्या कोंबडीचं तेच झालं होतं. विरळ, निळसर, दिसेल न दिसेल असा धूर हवा. लाकूड ओक, हिकरी, पिकॅन, सफरचंद, चेरी यांचं चालतं. टेक्सासात मेस्किट फार. ते आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंड. त्याचा धूर उग्र, जास्त वेळ दिला तर कडवट. पाइनसारखं राळेचं लाकूड, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या आणि जुन्या खोक्यांच्या पट्ट्या अजिबात नकोत.

आणि झाकण उघडून पाहायचं नाही! इडलीपात्र दर दोन मिनिटांनी उघडलं तर इडल्या कशा होतील? तसंच हे.

दुकानात बाकीचे प्रकारही दिसतात, त्याबद्दल थोडक्यात. उभा, बंदुकीच्या गोळीच्या घाटाचा पाण्याचा स्मोकर चांगला. तळाशी कोळसे, मध्ये पाणी, वर जाळ्या. चांगल्या बनावटीचा नवा २०० च्या वर जातो, पण जुना मिळाला तर सोडू नये. तळाला हवेची झडप नसलेले स्वस्त नग असतात, ते घेऊ नका. विजेचा स्मोकर बसल्याजागी आच सांभाळतो, नवशिक्याला सोपा, पण धुराची चव सौम्य आणि पावसात ठेवता येत नाही. लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारा 'पेलेट' स्मोकर ओरेगॉनच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात काढला. मोटार गोळ्या ढकलते, यंत्र आच राखतं. सोय मोठी, किंमतही मोठी. जाड मातीच्या अंड्यासारखे स्मोकर आपल्या तंदूरच्या नात्यातले. अप्रतिम आच धरतात, पण आपल्या बजेटात त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. तेलाच्या पिंपाचा घरी बनवलेला स्मोकर उत्तम चालतो, मात्र पिंप आत कसला लेप होता, काय भरलं होतं, ते माहीत हवं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तर वापरूच नये, तापला की विषारी वाफा येतात. आणि मुलाकडे आधीच गॅसची ग्रिल असेल तर सध्या काहीच घेऊ नये. लाकडाचे तुकडे फॉइलच्या पुडीत बांधून पुडीला भोकं पाडायची, ती पेटत्या बर्नरवर ठेवायची आणि मांस बंद बर्नरच्या बाजूला. हौस टिकते का ते चार रविवारांत कळेल.

पहिल्यांदा मोठा तुकडा घेऊ नका. कोंबडीच्या मांड्या घ्या. बिघडल्या तरी नुकसान थोडं, आणि त्या सहसा बिघडत नाहीत. जावयांनी आलं-लसूण, तिखट, मीठ, लिंबू लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या. दोन-अडीच तासांत झाल्या. मंद आचेवर कातडी रबरासारखी राहते, म्हणून शेवटची पाच मिनिटं त्या थेट निखाऱ्यावर धरल्या. कापल्यावर कडेला गुलाबी कड दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला, परत कच्ची! पण थर्मामीटर गाभ्यात ८० दाखवत होता. विस्तवातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड मांसाचा तांबडा रंग पक्का करतो, त्याची ती कड. तिकडे ती शोभा मानतात. म्हणूनच रंगावर जाऊ नये, आकड्यावर जावं. कोंबडी गाभ्यात ७४ अंश, म्हणजे १६५ फॅरनहाइट, झाल्याशिवाय कोणाच्या पानात वाढायची नाही. ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, त्यामुळे मांस तासन् तास ओट्यावर ठेवून मग चढवणं नको.

४ जुलैसाठी मात्र बकऱ्याचा अख्खा खांदा आणला. सकाळी आठला चढवला. दुपारी गाभ्यातला काटा ६८ वर आला आणि तिथेच बसला. एक तास, दीड तास, हलायचं नाव नाही. पाहुणे सहाला यायचे. जावयांचा चेहरा पहिल्या कोंबडीच्या दिवशीसारखा झाला आणि हात झडपेकडे गेला. मीही मनातून घाबरलेच होते. पण आजोबांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. मांसातून पाणी सुटतं, त्याची वाफ होताना ते गार पडतं, घाम येऊन अंग गार व्हावं तसं. अशा वेळी आच वाढवायची नाही. खांदा दोन पळ्या रश्शासकट फॉइलमध्ये गुंडाळून परत ठेवला, आणि काटा हळूहळू वर सरकू लागला. ९३ ला उतरवला, अर्धा तास झाकून ठेवला. हाड हाताने ओढलं तर सुरीशिवाय बाहेर आलं.

ज्वारीच्या भाकरी, कांदा, कैरीचं लोणचं आणि तो खांदा. आजोबा जेवताना फारसं बोलले नाहीत. दोनदा वाढून घेतलं आणि भाकरी कशी मोडायची ते नातीकडून शिकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर दोरीने बांधलेली ओकच्या लाकडाची मोळी. जावयांनी ती उचलून गॅरेजात नीट रचून ठेवली. नोकरी पुढे ऑक्टोबरात लागली. तोवर दर रविवारी केटल पेटत होती.

लेकीने एक अट मात्र घातली आहे, आणि ती मला पटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. खारवलेल्या मांसाबरोबर धुरावलेलं मांसही त्यात येतं. म्हणून आता महिन्यातून एकदाच, आणि काळी झालेली कड काढून टाकायची.

शाकाहारी मंडळींना कबूल केलं होतं. याच केटलमध्ये वांगी, मक्याची कणसं, टोमॅटो आणि पनीर अर्ध्या-पाऊण तासात सुरेख धुरावतात. त्या टोमॅटोची चटणी आमच्या 'ह्यां'नी भाकरीबरोबर तीन दिवस पुरवून खाल्ली. आपल्याकडे गच्चीवर किंवा शेतावर करायचं असेल तर आंब्याचं पक्कं वाळलेलं लाकूड घ्या.

बडोद्याच्या ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे. मुलाचं घर बैठं की फ्लॅट? फ्लॅट असेल तर खरेदीला जाण्याआधी त्याने सोसायटीचे नियम विचारावेत. तिकडे बऱ्याच इमारतींत बाल्कनीत कोळसा पेटवायला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. तसं असेल तर नियमात बसत असल्यास विजेचा घ्यावा, नाहीतर अंगण असलेल्या मित्राशी भागीदारी करावी. बैठं घर असेल तर केटल, दोन वायरींचा थर्मामीटर आणि नळकांडं. भिंतीपासून आणि लाकडी कुंपणापासून दहा फूट लांब. राख दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावरच, तीही पत्र्याच्या डब्यात काढायची. आणि पहिल्या रविवारी पिझ्झावाल्याचा फोन नंबर जवळ असू द्यावा.

पुढच्या आठवड्यात घरघंटीच्या जात्याबद्दल आलेल्या पत्रांची उत्तरं.